विलायतेहून येणारा पार्ट

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बूलकाऱ्यात नोला फिट्झनरला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. आज गावात जे चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये आणि बाया ताठ मानेने हिंडतात, त्यांतल्या निम्म्यांना तिने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर पुढच्या फाटकाशी उतरवीन" असं दरडावलेलं आहे. दोघांना तर खरंच उतरवलं होतं. बस मध्येच बंद पडली तर मदतीची वाट बघत बसणं तिच्या रक्तात नव्हतं. सीटखालची पान्यांची पेटी ओढायची, बाह्या सारायच्या आणि बॉनेटमध्ये डोकं घालायचं. मागे पोरं खिडक्यांतून माना काढून ओरडायची, "नोला, चालू नको करू, गणिताची परीक्षा आहे!" ती हटकून चालू करायची.

पासष्टाव्या वर्षी तिने बसची किल्ली परत दिली आणि मग तिला दिवस खायला उठला. पहिल्या दोन महिन्यांत तिने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, पाण्याचा पंप खोलून लावला, पुन्हा खोलला. तिचा नवरा रॉस गव्हाचा शेतकरी, बोलायला कमी आणि बोलला तर तिरकस. तो शेजाऱ्यांना सांगायचा, "घरात कुरकुरणारं आता मी एकटाच उरलोय. कधी मला खोलायला घेईल नेम नाही."

अशात मे महिन्यातल्या एका मंगळवारी क्लेम रोरलाख तिच्या अंगणात येऊन उभा राहिला.

क्लेमचं शेत त्यांच्या कुंपणाला लागून. वय शहात्तर, लग्न केलेलं नाही, थोरल्या बहिणीबरोबर, डल्सीबरोबर राहायचा. माणूस सरळ, कामसू, पण हट्टी असा की खेचराने त्याची शिकवणी लावावी. त्याच्या शेडमध्ये एक विलायती बनावटीची बीएसए मोटरसायकल होती, एकोणीसशे अडतीसची, एकाच सिलिंडरची, टाकीवर हिरवा पट्टा असलेली. सहासष्ट साली ती बंद पडली, तेव्हापासून शेडचं दार बंद. अॅडलेडहून जुन्या गाड्यांचे शौकीन यायचे, टोप्या हातात घेऊन अजिजी करायचे. क्लेमचं उत्तर ठरलेलं. "विकायची नाही. दुरुस्त करणार आहे. मॅग्नेटो गेलाय. पार्ट विलायतेहून यायचाय."

पन्नास वर्षं तो पार्ट येतच होता. गावात त्याची म्हणच पडली होती. कोणाचं लग्न लांबलं, पाऊस लांबला, पुलाचं काम रखडलं की लोक म्हणायचे, "क्लेमच्या पार्टबरोबर येईल."

नोलाला मात्र ती गाडी चालती आठवत होती. ती बारा वर्षांची असताना एका सकाळी शाळेची बस आली नाही. ती फाटकाशी रडकुंडीला येऊन उभी होती. क्लेम तिथून चालला होता. त्याने विचारलंही नाही, नुसती मान मागे हलवली. ती मागे बसली. नऊ मैल तिने त्याचा कोट घट्ट धरून ठेवला आणि तो आवाज ऐकला, एकेक ठोका मोजून घ्यावा असा संथ, दमदार. शाळेत उतरल्यावर तिचं वर्गात लक्ष लागेना. त्या आतल्या लोखंडात असं काय चालतं, हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. बाकीचं आयुष्य त्यातून निघालं म्हणायला हरकत नाही.

"काय करतेयस?" क्लेमने विचारलं.

"दिसत नाही? गवत कापायच्या यंत्राला धार लावतेय."

"रॉस म्हणाला, या महिन्यात तिसऱ्यांदा."

"रॉसच्या जिभेची धार कमी करायला हवी खरं तर. बोल, काय काम काढलंस?"

क्लेमने खिशातले हात बाहेर काढले आणि तिच्यासमोर धरले. दोन्ही हात थरथरत होते, झाडावरच्या सुकल्या पानासारखे. "डॉक्टर म्हणतो, हे आता वाढत जाणार. चहाचा कप धड धरवत नाही."

"मग अर्धाच भरत जा."

क्लेम हसला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "ती गाडी. माझ्याच्याने आता व्हायची नाही. तू करशील?"

नोलाने कानस खाली ठेवली. पन्नास वर्षं ज्या दाराआड या माणसाने कुणाला डोकावू दिलं नव्हतं, त्याची किल्ली तो तिच्या हातात देत होता.

"पण एक अट आहे," तो म्हणाला. "मी बाजूला बसणार आणि सांगेन तसंच करायचं."

"माझीही एक अट आहे. तू सांग हवं तेवढं, मी ऐकणार नाही."

"ठरलं तर," क्लेम म्हणाला.

शेडचं दार उघडायला रॉसची पहार लागली. आत जायच्या आधी नोलाने साप असला तर निघून जावा म्हणून चारदा पाय आपटले. साप नव्हता, पण कोंबड्या होत्या. मागची एक फळी कधीतरी निखळली होती, आणि तिथून आत शिरून त्यांनी गाडीच्या सीटवर संसार मांडला होता. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत विष्ठेचा पांढरा लेप. दिव्याच्या काचेमागे उंदरांनी जुन्या वर्तमानपत्राचं घरटं केलं होतं, धुराच्या नळीत कुंभारमाश्यांनी मातीची घरं बांधली होती, आणि टायर खारीच्या बिस्किटासारखे हाताला तुकडे देत होते.

रॉसने टोपी मागे सारली. "हिला दुरुस्त करायची की पुरायची?"

"तू बाहेर हो," नोला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

पहिला आठवडा नुसता धुण्यात गेला. मग कळलं की इंजिन जाम आहे, पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटलाय. नोलाने स्पार्क प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल ओतलं आणि ठेवून दिलं. रोज सकाळी यायची, किकवर हलकेच वजन टाकायची, परत तेल ओतायची.

"जोर लाव," क्लेम आपल्या खुर्चीवरून सांगायचा.

"जोर लावला तर मोडेल."

"माझे वडील जोर लावायचे."

"तुझे वडील लोहार होते. त्यांना मोडलेलं जोडता यायचं."

नवव्या दिवशी किक जराशी खाली गेली आणि आतून दार करकरावं तसा आवाज आला. नोला इतक्या जोरात ओरडली की डल्सी हाताला पीठ लागलेलं तशीच स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं कोणाचं तरी बोट गेलं.

टाकीत आतून गंजाचा थर होता. नोलाने त्यात मूठभर नट आणि खडी टाकली, टाकी जुन्या घोंगडीत गुंडाळली आणि रॉसच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला दोरीने आवळून बांधली. पेरणीचे दिवस. रॉस दोन दिवस त्या खुळखुळ्यासकट शेतात फिरला. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून विचारायचे, "रॉस, चाकात काय मोडलंय रे?" तो शांतपणे सांगायचा, "काही नाही, बायकोला छंद लागलाय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी आतून चांदीसारखी निघाली.

कार्बोरेटर उकळून साफ झाला, क्लचच्या चिकटलेल्या चकत्या सुट्या झाल्या, नवे टायर आले. जूनच्या अखेरीस राहिला तो मॅग्नेटो. वाटीएवढी वस्तू, पण तीच ठिणगी पाडते, आणि ठिणगी नाही तर गाडी म्हणजे लोखंडी बाक. नोलाने तेवढ्यासाठी अॅडलेडच्या एका कारागिराशी बोलूनही ठेवलं होतं.

त्या दिवशी डल्सी क्लेमला पोर्ट पिरीला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. शेडमध्ये नोला एकटी. मॅग्नेटो सोडवण्याआधी तिने त्याचं झाकण काढून आतलं पुसलं, आणि सहज, काही मनात नसताना, एका हातात तार धरून दुसऱ्या हाताने किक दाबली.

असा झटका बसला की ती कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली.

"आई गं!" ती म्हणाली. मग खांदा चोळत बसून राहिली आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं. मेलेला मॅग्नेटो झटका देत नाही.

तिने प्लग तारेला जोडून इंजिनावर टेकवला, परत किक दाबली. बारीकशी निळी ठिणगी उडाली. पुन्हा दाबली, पुन्हा उडाली. पन्नास वर्षांत त्याला काहीही झालेलं नव्हतं.

मग ही गाडी बंद का? तिने प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला आणि इंजिन हळूहळू फिरवलं. अशा इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा पेट्रोलची वाफ दाबत, एकदा जळलेला धूर बाहेर ढकलत. ठिणगी पहिल्या वेळी पडायला हवी. अंगठ्याला दाब लागला, पिस्टन वर आला, ठिणगी नाही. इंजिन आणखी एक फेरा फिरलं, पिस्टन धूर ढकलायला वर आला, आणि तेव्हा ठिणगी पडली. म्हणजे कोणीतरी मॅग्नेटो काढून परत बसवताना बरोब्बर उलटा बसवला होता. नवशिक्याची चूक. अर्ध्या तासाचं काम. आणि त्यानंतर त्या नटांना कुणाचा हात लागला नव्हता, हे त्यांच्यावरचा रंगच सांगत होता.

रात्रीच्या जेवणाला तिने रॉसला सगळं सांगितलं. रॉस बराच वेळ बटाटा चिवडत राहिला.

"म्हणजे विलायत वगैरे सगळी थाप?"

"सगळी."

"मग उलटं आहे ते गुपचूप सरळ कर आणि मिठाची गुळणी धर. पन्नास वर्षं जपलीय बिचाऱ्याने. या वयात उघडं पाडून काय मिळणार?"

"मी इंजिनाच्या बाबतीत कधी खोटं बोललेली नाही, रॉस."

"माझ्या ट्रकचं काय? म्हणाली होतीस की आवाज होणं चांगलं असतं."

"ते तुझं मन राखण्यासाठी बोलले."

"मग आता क्लेमचं मन राख," रॉस म्हणाला आणि ताटली उचलून धुवायला गेला.

झोपेपर्यंत तिचा निर्णय झाला नाही. सकाळी शेडमध्ये गेली तर क्लेम आधीच खुर्चीवर बसलेला. झाकण काढलेला मॅग्नेटो त्याच्यासमोर उघडा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

नोला त्याच्या शेजारी पिंपावर बसली. "क्लेम, हा जिवंत आहे."

"हं."

"उलटा बसवलाय."

"ठाऊक आहे," क्लेम म्हणाला.

"कधीपासून?"

"एकोणसत्तर सालापासून."

नोलाला हसावं की याच्या कानाखाली द्यावी कळेना. क्लेमने हात मांडीखाली दाबून धरले आणि बोलायला लागला. सहासष्टच्या सुगीत गाडी अडखळायला लागली होती. वडील म्हणाले, हात लावू नकोस, काम संपलं की मी बघतो. क्लेमला आपलं आपण करून दाखवायचं होतं. सगळं खोललं, सगळं लावलं, आणि गाडी फट्‌फट् करून धूर उलटा ओकायला लागली.

"वडिलांनी एका मिनिटात चूक काढली असती. जेवणाच्या टेबलावर दहा माणसांसमोर सांगितली असती. म्हणून मी म्हटलं मॅग्नेटो गेला, पार्ट विलायतेहून मागवावा लागेल. आणि कुलूप घातलं. त्यांनी दोनदा किल्ली मागितली, नोला. मी दिली नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले."

बाहेर कोंबडा आरवला.

"एकोणसत्तरला माझा पाय मोडला. इस्पितळात शेजारच्या खाटेवर रेल्वेचा फिटर होता. त्याला सहज सांगितलं तर तो हसून म्हणाला, अरे, उलटा बसवलायस. पडल्या पडल्या मला सगळं लख्ख दिसलं. घरी जातो आणि लगेच चालू करतो, असं ठरवूनच आलो."

"मग?"

"घरी आलो तर टेबलावर पार्सल. डल्सीची एक पत्रमैत्रीण होती बर्मिंगहॅमला. हिने तिला लिहिलं होतं, भावाच्या गाडीचा मॅग्नेटो मिळत नाही, फार खंतावलाय. त्या बाईच्या नवऱ्याने अर्धं शहर पालथं घालून नवा कोरा मॅग्नेटो पाठवला. डल्सी नुसती आनंदाने नाचत होती. आता मी तिला काय सांगू? की जुना चांगला आहे, मीच गाढव आहे?"

"काय सांगितलंस?"

क्लेमने घसा खाकरला. "माप चुकलंय म्हटलं."

नोलाने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. तिला इतकं हसू आलं की पिंपावरून घसरायची वेळ आली. क्लेम आधी रागावून बघत राहिला, मग त्याच्याही ओठाचा कोपरा हलला.

"कुठे आहे तो?"

"माझ्या खाटेखाली."

"आणि डल्सीला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?" दारातून आवाज आला. डल्सी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ऐंशीच्या घरातली, काठीसारखी सरळ. "क्लेमन्स रोरलाख, सत्तेचाळीस वर्षं त्या खाटेखालचा केर मी काढतेय. तुला काय वाटलं, खोकं आपोआप सरकतं? दोन्ही मॅग्नेटो मी शेजारी ठेवून सुतळीने मापलेत. एका केसाचा फरक नाही."

"मग बोलली का नाहीस?" क्लेम थक्क होऊन म्हणाला.

"वाट बघत होते, तू कधी बोलतोस. चहा घ्या, गार होतोय. तुझा अर्धाच भरलाय."

मॅग्नेटो सरळ करायला नोलाला पंचवीस मिनिटं लागली. क्लेमने एकही सूचना केली नाही.

रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी होती. पोलिसांकडून दोन दिवसांचा परवाना काढलेला, टाकीत ताजं पेट्रोल. पहिल्या चार किकांना काही नाही. पाचवीला धुराच्या नळीतून काळा गोळा उडाला आणि रॉसच्या स्वच्छ शर्टावर जाऊन बसला. सातव्या किकेला ती बोलली. आधी अडखळत, खोकत, मग एकेक ठोका सुटा, संथ, दमदार. नोलाने बारा वर्षांच्या पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. डल्सीने अॅप्रनने डोळे टिपले. क्लेमने नुसता तळवा टाकीवर ठेवला आणि ठेवूनच राहिला.

"बस मागे," नोला हेल्मेट घालत म्हणाली.

"बाईच्या मागे? गावातून?"

"नऊ मैल मी तुझ्या मागे बसले होते. तक्रार केली होती का?"

तो बसला. गव्हाच्या कोवळ्या हिरव्या शेतांमधून, धान्याच्या उंच सायलोला वळसा घालून ते मुख्य रस्त्याला लागले, तेव्हा चर्च नुकतं सुटलं होतं. लोक पायऱ्यांवर जिथल्या तिथे थांबले. पबच्या दारात गाडी उभी करेपर्यंत पंधरावीस माणसं गोळा झाली. गंमत म्हणजे नोलाच्या बसमध्ये बसलेलीच बहुतेक सगळी.

"आला का रे शेवटी पार्ट विलायतेहून?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

नोलाने वळून क्लेमकडे पाहिलं. "हो" म्हटलं असतं तर संपलं होतं. खाटेखालचा मॅग्नेटो दाखवता आला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं. क्लेम सावकाश उतरला, हेल्मेट काढलं.

"पार्ट बिघडलाच नव्हता," तो मोठ्याने म्हणाला. "मी उलटा बसवला होता. सांगायची लाज वाटली, म्हणून पन्नास वर्षं थापा मारल्या. नोलाने सरळ केला. झालं."

मग पबचा मालक, नॉर्म ट्रिलोअर, सत्तरीचा धिप्पाड गडी, हनुवटी खाजवत म्हणाला, "माझी बोट माहितीय ना? तळ फुटलाय म्हणून कोठारात टाकलेली? तळ शाबूत आहे. मलाच बोट लागते."

आणि मग जो हशा उसळला त्यात एकेकाचं बाहेर पडायला लागलं. कुणाचं कापणीचं यंत्र किल्ली हरवल्यामुळे आठ वर्षं "दुरुस्तीला" होतं. कुणाच्या बायकोने भेट आलेलं शिवणयंत्र दोरा कसा ओवायचा हे न कळल्याने माळ्यावर टाकलं होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईने तर सांगितलं की ऑर्गनची ती एक पट्टी नादुरुस्त नाहीच, ज्या भजनात ती लागते ते तिला आवडत नाही म्हणून ती टाळते. पाद्री तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मलाही आवडत नाही." क्लेम भिंतीला टेकून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

परतताना शेताच्या फाटकाशी त्याने नोलाच्या खांद्यावर टकटक केली. "आतला रस्ता माझा आहे. इथे परवाना लागत नाही."

नोलाने गाडी थांबवली. त्याच्या हातांकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मागे सरकली. "पहिल्याच गिअरमध्ये. आणि मी सांगेन तसं."

"मी ऐकणार नाही," क्लेम म्हणाला आणि हँडल धरलं. इंजिनाच्या ठोक्यांनी हँडल असं थडथडत होतं की त्यावर कुणाचेही हात स्थिर राहिले नसते. नोलाला मागून बघताना कळेना, कुठली थरथर गाडीची आणि कुठली त्याची.

माणूस चालेल त्या वेगाने ते तळ्यापर्यंत गेले. मेंढ्यांनी माना वर करून पाहिलं आणि परत चरायला लागल्या. तळ्याला वळसा घालून क्लेमने गाडी परत फिरवली, घराजवळ आणली, आणि न थांबता पुन्हा तळ्याकडे वळवली. व्हरांड्यात डल्सी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"भाजलेलं मटण गार होतंय!" ती ओरडली. "रॉसने जेवायला सुरुवातसुद्धा केली!"

"ऐकू येत नाही!" क्लेम ओरडला आणि दुसरा गिअर टाकला.